मोळी, फांद्या आणि पांगशा

राहात्याच्या पंचक्रोशीत त्याला नावानं फारसं कुणी हाक मारत नाही. ‘कागदवाले’ म्हणतात. वहीचा किंवा वर्तमानपत्राचा या कागदाशी काही संबंध नाही. शेततळ्यात अंथरतात ते काळं प्लास्टिक म्हणजे कागद, टरबुजाच्या गादीवाफ्यावर पसरतात तोही कागद आणि पॉलिहाउसवर ताणतात तोही कागदच. गेली पंधरा-सोळा वर्षं तो हे कागद अंथरतो, जोडतो आणि फाटले की ठिगळं लावतो. त्याआधीची सात वर्षं नाशिककडच्या एका कारखान्यात यंत्रावर फुगवून कागद काढण्यात गेली. कागदाचं बारसं आणि कागदाचं म्हातारपण, दोन्हींना तो हजर राहिलेला आहे.

फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. “किती मायक्रॉनचा घालू?” दुसरा प्रश्न भावाचा. “दाणा कोणता आहे?” असं विचारणारी माणसं इतक्या वर्षांत एका हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच भेटली. याचं त्याला वाईट वाटतं. जाडी मोजायला गेज मिळतो, वजनाला काटा मिळतो. पण ५०० मायक्रॉनचा एक कागद आठ-दहा उन्हाळे काढतो आणि ५०० मायक्रॉनचाच दुसरा तिसऱ्या उन्हाळ्यात चिरतो, त्याचं कारण गेजमध्येही सापडत नाही आणि काट्यावरही नाही.

हे कारण सांगायचं तर तो आधी माणसाला पेरूच्या बागेत नेतो. राहात्याचा पेरू नगर-मनमाड रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. शिर्डीला जाणाऱ्या गाड्या त्याच्यासाठी थांबतात. गोदावरीच्या उजव्या कालव्याच्या आवर्तनांवर ही बागायत उभी राहिली. आवर्तनाचा भरवसा कमी होत गेला तशी शेततळी वाढली. थंडीत मृग बहाराची फळं भरत असताना अशा एखाद्या बागेत उभं राहून नुसतं मोजावं. फळ लिंबाएवढं झालं की त्याला चढवलेली पांढरी फोमची जाळी. तिच्यावर फळमाशी चुकवायला बांधलेली पातळ पिशवी. झाडाच्या बुडाशी १६ मिलिमीटरची ठिबकची काळी नळी. विहिरीकडून बांधाबांधानं आलेला एचडीचा पाइप. कोपऱ्यातल्या तळ्यातला कागद. आणि तोडणीला आणून ठेवलेली कॅरेटं.

या सहाही वस्तू पॉलिइथिलीनच्या आहेत. फोम चिमटीत धरला तर कापसासारखा दबतो. कॅरेट पालथं घालून त्याच्यावर गडी उभा राहतो आणि उंचावरचं फळ तोडतो. तरी दोन्हींत कार्बन आणि हायड्रोजन यांशिवाय काही नाही, आणि त्यांचं प्रमाणही जवळपास तेच. दोन कार्बन आणि चार हायड्रोजन असलेला इथिलीन वायू, त्याचे रेणू एकापुढे एक जोडत नेले की पॉलिइथिलीन.

गंमत म्हणजे हाच इथिलीन पेरू स्वतःही सोडतो. फळाला पिकायचा निरोप देणारा वायू तोच, म्हणून तर एक पिकलेला पेरू कॅरेटमधल्या बाकीच्यांना लवकर पिवळं करतो. पिशवीतल्या फळातून सुटणारा वायू आणि पिशवीचा मूळ घटक एकच, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा तो बांधावर बसून एकटाच हसला होता. पिशवी ज्याची बनते तो इथिलीन मात्र बागेतून आलेला नसतो. रायगड जिल्ह्यात नागोठण्याला मोठा कारखाना आहे. मुंबई हायच्या समुद्रातला गॅस उरणला येतो, त्यातला इथेन-प्रोपेन नागोठण्याला जातो, तिथं त्याचा इथिलीन होतो आणि इथिलीनचे पांढरे दाणे होऊन २५ किलोच्या गोण्यांतून गावोगावच्या यंत्रांवर पोचतात.

त्याची पहिली अडचण अशा दोन गोण्यांनीच सुरू झाली.

लोणीला बी.एस्सी. करताना पॉलिमरवर पुस्तकात जेमतेम दोन पानं होती, आणि ती परीक्षेला नसल्यामुळे वाचली गेली नव्हती. कारखान्यात पहिलं वर्ष एलडीवर, म्हणजे कमी घनतेच्या पॉलिइथिलीनवर, गेलं. दाणा हॉपरमध्ये पडतो, गरम पिंपात फिरणाऱ्या स्क्रूनं वितळत पुढं सरकतो, गोल डायमधून नळीच्या आकारात वर येतो. आत हवा भरून त्या नळीचा उंच फुगा करतात, तो वर रोलरमध्ये चपटा होऊन गुंडाळला जातो. या फुग्याला कारखान्यात बबल म्हणतात. एलडीचा बबल देवळाच्या खांबासारखा उभा राहतो. वर्षभरात तो या खांबाला इतका सरावला, की रात्रपाळीत आवाजावरूनच सगळं ठीक आहे हे त्याला कळायचं.

एका रात्री एलएलच्या, म्हणजे पॉलिइथिलीनच्याच दुसऱ्या एका जातीच्या, गोण्या आल्या. त्यानं दोन्ही दाण्यांची माहितीपत्रकं शेजारी ठेवून पाहिली. घनता दोघांची ०.९२० च्या आसपास. मेल्ट इंडेक्स, म्हणजे वितळलेला दाणा ठरावीक वजनाखाली किती वाहतो तो आकडा, तोही दोघांचा एकच. मग फरक कसला पडणार, म्हणून त्यानं तापमान, वेग काहीच न बदलता हॉपरमध्ये एलएल ओतला.

दहा मिनिटांत मोटरच्या अँपिअरचा काटा चढू लागला. डायमधून येणारा कागद गुळगुळीत यायचा तो खरबरीत यायला लागला, रोगट पेरूच्या सालीसारखा. आणि इतका जोर लावून बाहेर आलेला माल बाहेर येताच मात्र ढिला; बबल झोकांड्या खाऊ लागला आणि फुटला. रात्रीतून चार वेळा फुटला. पहाटे शेजारच्या मशीनवरचा जुना ऑपरेटर चहाचा कप घेऊन आला, काट्याकडे बघितलं आणि म्हणाला, “एलएल आत अडतो, बाहेर ओघळतो. एलडीचं उलटं. सकाळी डाय बदलू, चार गोण्यांत एक एलडीची टाक, उभा राहील.”

डाय बदलली, फट रुंद केली, चारास एक एलडी मिसळला आणि बबल उभा राहिला. पण प्रश्न तसाच राहिला. दोन दाणे, घनता एक, वाहण्याचा आकडा एक, मग एक आत अडतो आणि दुसरा का अडत नाही? जुन्या ऑपरेटरला वागणूक ठाऊक होती. कारण विचारलं तेव्हा त्यानं “दाण्याची जातच तशी” म्हणून विषय संपवला. हे उत्तर चूक नव्हतं, पण पुरेसंही नव्हतं.

त्या दिवाळीनंतर तो सुट्टीवर घरी आला तेव्हा गळीत सुरू झालं होतं. हा सगळा मुलूख उसाचा. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरानगरला १९५० साली उभा राहिला तो याच पट्ट्यात. वाटेवर उसाची ट्रॉली चाललेली, ऊस मोळ्यांत बांधून असा रचलेला, की बोट घालायला जागा नाही. तिच्यामागून दुसरी ट्रॉली येत होती, पेरूच्या छाटणीच्या फांद्यांची. ट्रॉली तेवढीच, ढीग दुप्पट उंच, आणि वजन काहीच नाही, कारण फांदीला फांदी अडकून आत नुसती पोकळी. एक फांदी ओढली तर चार हलत होत्या. त्या ट्रॉलीमागे सायकलवर रेंगाळत असताना त्याला आपल्या दोन पानांच्या धड्यातलं एक चित्र आठवलं, आणि पुढे पुस्तकं मागवून तो ते नीट वाचत गेला.

एचडी, म्हणजे जास्त घनतेचं पॉलिइथिलीन, ही मोळी. त्याच्या साखळ्या जवळजवळ सरळ असतात, हजार कार्बनमागे बाजूला फुटलेली फांदी एखादी, कधी तीही नाही. अशा साखळ्या एकमेकींना खेटून बसतात, म्हणून घनता जास्त, ०.९४ ते ०.९६ पर्यंत, म्हणून कॅरेट ताठ, पाइप टणक, आणि वितळायलाही १३० अंशांच्या पुढे जावं लागतं. एलडी म्हणजे छाटणीची ट्रॉली. त्याच्या साखळ्यांना हजार कार्बनमागे साधारण १५ ते ३० आखूड फांद्या असतात आणि त्यांत अधूनमधून खोडाएवढ्याच लांब फांद्याही. खेटून बसणं जमत नाही, म्हणून माल मऊ आणि ११० अंशांच्या आसपासच वितळणारा.

या फांद्या एलडीला कुणी लावलेल्या नाहीत. त्या आपोआप फुटतात, आणि तो सगळा प्रकार मुळात अपघातातून सापडलेला आहे. इंग्लंडमध्ये विनिंग्टन इथं आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन यांनी मार्च १९३३ मध्ये इथिलीन आणि बेन्झाल्डिहाइड प्रचंड दाबाखाली एकत्र तापवलं. हवं ते झालं नाही, भांड्याच्या कडेला मेणासारखा पांढरा थर मात्र मिळाला. पुन्हा करून बघताना कधी मिळायचा, कधी स्फोट व्हायचा. १९३५ च्या अखेरीस मायकेल पेरिन आणि त्याच्या सहकाऱ्यांना तो पुरेसा मिळाला, आणि वायूत चुकून राहिलेला थोडासा ऑक्सिजनच साखळी सुरू करून देतो हे पुढे कळलं. युद्धात रडारच्या तारांवर हेच पॉलिथिन चढलं.

हजार-दीड हजारांहून जास्त वातावरणांच्या दाबाखाली साखळी वाढते तेव्हा तिचं टोक अत्यंत हावरं असतं, समोर येईल त्या इथिलीनला धरतं. पण साखळी लवचिक आहे. कधी कधी टोक मागं वळतं आणि आपल्याच अंगावरचा, चार-पाच कार्बन मागचा हायड्रोजन ओरबाडून घेतं. मग वाढ त्या मागच्या जागेवरून सुरू होते आणि आधीचं टोक चार कार्बनांची आखूड फांदी म्हणून बाजूला लोंबत राहतं. कधी ते टोक शेजारच्या साखळीच्या पोटातून हायड्रोजन घेतं. मग त्या शेजारणीला मध्येच लांब फांदी फुटते. कोयता न लावलेल्या रानटी पेरूसारखी ही वाढ आहे. छाटणी कुणाच्या हातात नाही, दाब-तापमान कमीजास्त करून फांद्या थोड्या कमीजास्त करता येतात, इतकंच.

फोमच्या जाळीसाठी नेमकी हीच रानटी वाढ कामाला येते. जाळी बनवताना वितळलेल्या एलडीत वायू दाबून मिसळतात आणि बाहेर येताना तो फुगतो; प्रत्येक बुडबुड्याभोवतीची पातळ भिंत त्या क्षणी ताणली जाते. लांब फांद्या एकमेकींत अडकलेल्या असल्यामुळे ती भिंत धरून राहते. सरळ साखळ्यांच्या एचडीला हे जमत नाही, बुडबुडे फुटून एकमेकांत मिसळतात. जुना ऑपरेटर म्हणायचा, एलडी ‘बाहेर’ ओघळत नाही, ते यामुळेच. आणि ‘आत’ का अडत नाही? स्क्रूच्या जोरदार घुसळणीत या फांद्यावाल्या साखळ्यांची गुंतागुंत सुटत जाते आणि माल पातळ होतो. एलएलच्या साखळ्या घुसळणीतही बऱ्यापैकी गुंतलेल्या राहतात, म्हणून मोटरचा काटा चढतो. मेल्ट इंडेक्स काढताना दोघांनाही हळूहळू वाहू दिलेलं असतं. त्या संथपणात हा फरक दिसत नाही. आकडा खोटा नव्हता. त्यानं त्या आकड्याला भलतंच विचारलं होतं.

मग एलएलची घनता एलडीइतकी कमी कशी? लांब फांद्या नाहीत, तरी खेटून का बसत नाहीत?

ऊस लावणाऱ्या माणसाला याचं उत्तर डोळ्यांसमोर दिसतं. ऊस जून झाला, लोळला, तोड लांबली, की कांड्यावरचे डोळे फुटून बाजूनं आखूड कोंब येतात. त्यांना पांगशा म्हणतात. पांगशा फुटलेला ऊस सरळच असतो, पण त्याची मोळी कधी घट्ट बसत नाही, आणि तोडणीवाली बाई तो हातात घेताच कुरकुरते. एलएल म्हणजे हा पांगशांचा ऊस.

फरक इतकाच, की या पांगशा हौसेनं, मोजून लावलेल्या असतात. इथिलीनबरोबर थोडा दुसरा वायू किंवा द्रव सोडतात, ब्युटीन, हेक्झीन किंवा ऑक्टीन. साखळीत शिरताना यांतला प्रत्येक रेणू फक्त दोन कार्बन देतो, उरलेले बाहेर राहतात. ब्युटीनचे चार, म्हणून दोन कार्बनांची पांगशी. हेक्झीनचे सहा, म्हणून चारांची. ऑक्टीनचे आठ, म्हणून सहांची. याला सहबहुलकीकरण असा भारदस्त शब्द पुस्तकात आहे. त्याला कलम बांधणं हा शब्द जास्त पटतो. ही जोडणी प्रचंड दाबानं होत नाही, तिला उत्प्रेरक लागतो. जर्मनीत म्युलहाइमला कार्ल त्सीग्लर यानं १९५३ मध्ये असा उत्प्रेरक शोधला आणि त्याला इटलीच्या ज्युलिओ नाट्टाबरोबर १९६३ चं नोबेल मिळालं. त्सीग्लरच्या शोधाच्या दोन वर्षं आधी, १९५१ मध्ये, अमेरिकेत फिलिप्स कंपनीच्या पॉल होगन आणि रॉबर्ट बँक्स यांना क्रोमियमचा वेगळा उत्प्रेरक सापडला होता.

फिलिप्सच्या सुरुवातीच्या मालाची गोष्ट तो शेतकऱ्यांना रंगवून सांगतो, कारण तिथूनच पुढचा मुद्दा येतो. तो माल जवळजवळ बिनफांदीचा होता, छान टणक. पण त्याच्या वस्तू काही महिन्यांनी आपोआप चिरायला लागल्या. गोदामं भरली, गिऱ्हाईक नाही. तेवढ्यात १९५८ साली अमेरिकेत कमरेभोवती फिरवायच्या हुलाहूप कड्याचं वेड आलं आणि त्यात हा माल खपून गेला. खेळण्याची नळी वर्षभर टिकली तरी पुष्कळ. चिरण्यावरचा इलाज पुढे निघाला तो असा, की इथिलीनमध्ये किंचित ब्युटीन घालायचं. मोळीत थोड्या पांगशा.

थोड्याशा पांगशांनी चिरणं कसं थांबतं, हे त्याला नीट कळलं ते पुस्तकातून नाही. एका तळ्यावर कळलं, आणि त्या तळ्याची आठवण त्याला अजून खुपते.

तीस बाय तीस मीटरचं तळं, कागद नवा होऊन तिसरा उन्हाळा. मालकिणीचा फोन आला, “ओ कागदवाले, तळं रोज चार बोटं खाली जातंय. उन्हानं इतकं जातं का ओ?” उन्हानं इतकं जात नाही. वैशाखातही दिवसाला अर्ध्या बोटाच्या आसपास, फार तर थोडं जास्त. पाणी उतरत एका पातळीवर येऊन थांबलं, तेव्हा त्या रेषेवरून त्यानं गुडघ्यांवर चालत शोध घेतला. फाटलेल्या कागदाच्या कडा वाचणं हे त्याचं खरं शिक्षण. कुत्रं तळ्यात उतरून वर यायला धडपडतं तेव्हा नखांनी कागद ओढला जातो, भोकाच्या कडा पातळ आणि ताणलेल्या असतात. उंदरानं कुरतडलं तर कडेवर दातांचे खवले दिसतात. इथं यांतलं काहीच नव्हतं. कोपऱ्यात कागद मुडपून घडी घातली होती, त्या घडीच्या वळणावर नऊ इंचांची चीर होती. ब्लेडनं कापल्यासारखी सरळ, कडा जशाच्या तशा जाड, ताण पडल्याची पांढरी खूणही नाही. कागद फाटला नव्हता, तडकला होता.

हा कागद अंथरतानाच त्याला शंका आली होती. नखाची खूण उमटत नव्हती, घडी घालताना कागद हाताला उलट ढकलत होता, आणि वेल्डिंग करताना जळका वास येत होता. मालकिणीच्या दिरानं स्वस्तात आणलेला माल. आत बहुधा कठीण एचडी आणि भंगारातून पुन्हा वितळवलेला दाणा. त्यानं तेव्हा मजुरी घेतली आणि गप्प बसला. आणलेल्या मालाला नावं ठेवली तर काम दुसऱ्याला जातं, हा हिशेब त्यानं केला होता.

आता जे घडलं होतं ते असं. पॉलिइथिलीनच्या साखळ्या खरं तर उसासारख्या ताठ नसतात, सुताच्या दोऱ्यासारख्या असतात. थंड होताना त्या मागेपुढे घड्या घालत दहा-वीस नॅनोमीटर जाडीचे पापुद्रे बनवतात, आणि पापुद्र्यांच्या मध्ये विस्कटलेला मऊ भाग राहतो. काही साखळ्या एका पापुद्र्यात सुरू होऊन, मधला मऊ भाग ओलांडून, दुसऱ्या पापुद्र्यात शिरलेल्या असतात. गोधडीचे थर टाक्यांनी धरलेले असतात तसे हे पापुद्रे त्या साखळ्यांनी धरलेले असतात. बिनफांदीची साखळी मजेत घड्या घालत एकाच पापुद्र्यात संपून जाते, टाके कमी पडतात. पांगशी असलेला तुकडा पापुद्र्यात मावत नाही, बाहेर ढकलला जातो, आणि साखळी पुढच्या पापुद्र्याकडे वळते. टाके वाढतात.

दुसरी गोष्ट ताणाची. घडीच्या वळणावर थोडा पण कायमचा ताण असतो. त्या ताणाखाली टाके एकदम तुटत नाहीत. एकेक साखळी आपल्या पापुद्र्यातून हळूहळू सुटून येते, वर्षानुवर्षं. मोळीतून एक सरळ ऊस ओढून पाहावा, सळकन येतो. पांगशांचा ऊस ओढला तर पांगशी अडते. बस, एवढंच. साबणासारखे पदार्थ असतील तर हे सुटणं आणखी वेगानं होतं, म्हणून फवारणीच्या औषधात घालायचं स्टिकर कॅनमध्ये ठेवलं, तर चांगला दिसणारा कॅनही कधी बुडाच्या वळणावर तडकतो. प्रयोगशाळेतली चाचणीही अशीच असते. पट्टीला खाच पाडायची, वाकवायची आणि साबणी द्रावणात बुडवून वाट बघायची.

त्या तळ्याला त्यानं ठिगळ लावलं, पैसे घेतले नाहीत. चीर ठिगळाच्या पलीकडून पुढं सरकली. दिवाळीआधी सगळा कागद काढावा लागला.

तेव्हापासून माल कुणीही आणलेला असो, अंथरण्याआधी तो बोटभर रुंदीची पट्टी कापतो आणि मालकाच्या हातात देतो. “ओढा तात्या.” चांगल्या एलएलची पट्टी आधी मध्ये बारीक होते, मग ते बारीकपण दोन्हीकडे सरकत जातं, पट्टी लांबच लांब होत जाते आणि जितकी लांबते तितकी हाताला जड जाते. तात्या दोन्ही हात पसरून मागं सरकतात, पट्टी तुटत नाही. तेवढ्याच जाडीची एलडीची पट्टी लवकर हार मानते. भेसळीच्या कठीण मालाची पट्टी कधी दोन वितीही जात नाही, टचकन मोडते. गेजपेक्षा ही परीक्षा लोकांना पटते. मल्चिंगचा कागद २५-३० मायक्रॉन इतका पातळ करता आला तो याच लांबण्याच्या गुणावर.

पांगशीची लांबीही मोजावी लागते. दोन कार्बनांची आखूड पांगशी पापुद्र्याला तितकी अडत नाही. चाराची आणि सहाची चांगली अडते. म्हणून जाडी आणि घनता तीच असूनही हेक्झीन किंवा ऑक्टीनचा कागद काट्याकुट्याला आणि फाटण्याला जास्त पुरा पडतो. तो महाग असतो आणि दुकानात त्याची वेगळी रास नसते. शिवाय पांगशा कुणाला मिळतात हाही प्रश्न आहे. त्सीग्लरच्या वारशातल्या उत्प्रेरकांवर कामाच्या जागा नाना तऱ्हेच्या असतात, त्यामुळे आखूड साखळ्यांना पांगशा भरपूर आणि लांब साखळ्यांना कमी, असा उलटा न्याय होतो. टाके तर घालायचे लांब साखळ्यांनी. वॉल्टर कामिन्स्की यांच्या कामातून पुढे आलेल्या मेटॅलोसीन उत्प्रेरकांवर सगळ्या जागा सारख्या, म्हणून वाटणीही सारखी.

पाइपवाल्यांनी याच्याही पुढं जाऊन उलटा न्याय सुलटा केला. दोन भट्ट्या एकीपुढे एक ठेवायच्या. एकीत आखूड, सरळ साखळ्या बनवायच्या, ताठपणासाठी. दुसरीत खूप लांब साखळ्या आणि पांगशा फक्त त्यांना. पाइपावर पीई ६३, पीई ८०, पीई १०० असे शिक्के असतात, ते वर्ग आपल्या आयएस ४९८४ या मानकातही आहेत. पीई १०० म्हणजे २० अंश तापमानात ५० वर्षं पाण्याचा दाब सोसताना भिंतीवर किमान १० मेगापास्कल ताण धरू शकेल असा माल. पन्नास वर्षांची ही हमी जाडीतून येत नाही, लांब साखळीवर जपून लावलेल्या पांगशांमधून येते. विहिरीवरून पाइपलाइन टाकणाऱ्या पोराला तो शिक्का वाचायला लावतो. पोरं पाइपाला लाथ मारून आवाज ऐकतात आणि “दणकट आहे” म्हणतात.

कलमाचा प्रकार तेवढ्यावर थांबत नाही. इथिलीनबरोबर व्हिनाइल अ‍ॅसिटेट घातलं की पापुद्रे आणखी मोडतात, माल रबरासारखा होत जातो. तो ईव्हीए. पॉलिहाउसच्या कागदाच्या एखाद्या थरात तो असतो, आणि शिर्डीत मंदिराबाहेर पडलेल्या हजारो हलक्या चपलांत तर असतोच.

तळ्याच्या कामाला तो हिवाळ्यात पहाटे आणि उन्हाळ्यात दिवस उगवायच्या आत लागतो. काळा कागद दुपारी पासष्ट अंशांवर सहज जातो, पहाटे पंधरावर येतो. चाळीस मीटरच्या पट्ट्यात त्यामुळे दीड-दोन विती लांबी कमीजास्त होते. दुपारी ताणून लावलेला कागद रात्री आखडून काठावरच्या चरातून स्वतःला उपसायला बघतो. म्हणून तो पायथ्याला ढील सोडतो आणि कोपऱ्यात घडी घालायची वेळ आली तर टोकदार न घालता लाटेसारखी सैल ठेवतो. वेल्डिंग मशीनचं तापमान आधी एका तुकड्यावर बघून घेतो, कारण एलएल १२० अंशांच्या पुढं वितळतो आणि एचडी आणखी दहा अंशांनी. एकाच्या सेटिंगवर दुसरा जोडला तर शिवण दिसते, धरत नाही. दुहेरी शिवण मारून मधल्या पोकळ पट्टीत हवा भरतो आणि काटा खाली येतो का ते पाहत उकिडवा बसतो. ही पाच मिनिटं त्याला कामातली सगळ्यांत आवडती.

परवा नऊ वर्षांपूर्वी त्यानंच अंथरलेला एक कागद काढायचा होता. वरचा उन्हात राहिलेला भाग खडबडीत झाला होता, पाण्याखालचा अजून मऊ. गुंडाळ्या करून तो टेम्पोतून भंगारवाल्याकडे गेला. वखारीत एक म्हातारी मांडी घालून ढीग निवडत होती. किराणाची पातळ पिशवी उचलून कानाशी चुरगाळली, चुरचुर वाजली, डावीकडं टाकली. दुधाची पिशवी चुरगाळली, वाजली नाही. अंगठ्यानं ताणून बघितली, उजवीकडं टाकली. फोमच्या जाळ्या न बघताच मागं. कॅरेटचा तुकडा फरशीवर आपटून चौथ्या ढिगात.

त्यानं आपल्या कागदाचा तुकडा तिच्यापुढं धरला. “मावशी, हे कोणत्या ढिगात?”

तिनं तो दोन्ही चिमटींत धरून ओढला, लांबू दिला, आणखी ओढला. “एलएल हाय,” ती म्हणाली. “वरचा उन्हाचा कापून द्या, खालच्याला भाव बरा बसंल.”

त्यानं टेम्पोतून कोयता काढला आणि गुंडाळी उलगडायला सुरुवात केली.